जुन्या मालमोटारीला कोणतें तेल मानवतें?

मालमोटारीच्या इंजिनांत कोणतें तेल घालावें, हा प्रश्न शहरांतील सुशिक्षित कुटुंबाच्या विचाराचा नव्हे, असें पुष्कळांना वाटेल. परंतु मंडईंतली भाजी, दुकानांतला किराणा, बदलीच्या वेळीं हलणारें घरसामान आणि बांधकामावरच्या विटा यांचा शेवटचा प्रवास बहुधा एखाद्या लहानशा, जुन्या, डिझेलवर चालणाऱ्या मालमोटारीनेंच होतो. अशा गाडीचा मालक मोठा व्यापारी असतोच असें नाहीं. एका गाडीवर एक कुटुंब पोसलें जात आहे, आणि गाडी आठ दिवस गॅरेजांत उभी राहिली कीं त्या घरचा महिन्याचा हिशेब कोलमडतो, अशी स्थिति अनेक ठिकाणीं दिसते. इंजिन उघडून त्याचें संपूर्ण काम काढण्याचा प्रसंग आला, तर वर्षभराची शिल्लक एका आठवड्यांत संपते. म्हणून तेलाच्या दुकानीं अशा मालकापुढें जो प्रश्न उभा राहतो, तो दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

उदाहरणासाठीं एक परिचित गाडी घ्यावी. टाटांची ‘४०७’ ही हलकी मालमोटार १९८६ सालीं बाजारांत आली, आणि महाराष्ट्रांतील घाटांत, बाजारपेठांत व खेड्यांच्या वाटांवर ती आजहि सर्वत्र दिसते. समजा, अशी एक वीस वर्षांची गाडी आहे. मालक तेल बदलण्यासाठीं दुकानीं जातो. दुकानदार दोन डबे पुढें करतो. एकावर ‘१५डब्ल्यू-४०’ असें लिहिलेलें असून तें साधें खनिज तेल आहे. दुसऱ्यावर ‘५डब्ल्यू-४०, सिंथेटिक’ असें लिहिलेलें असून त्याची किंमत पहिल्याच्या दुप्पट किंवा त्याहूनहि अधिक आहे. दुकानदार सांगतो कीं सिंथेटिक घातल्यानें जुनें इंजिन नवें होईल. गॅरेजांतला मिस्त्री सांगतो कीं जुन्या इंजिनांत सिंथेटिक घातलें तर तें गळूं लागेल आणि बसेल. दोघांच्याहि बोलण्यांत सत्याचा अंश आहे, पण निर्णय करण्यास तो पुरेसा नाहीं. तो निर्णय करावयाचा तर तेल इंजिनांत काय काम करतें, तें प्रथम समजून घेतलें पाहिजे.

तेलाचें पहिलें काम सर्वांस ठाऊक आहे. धातूवर धातू घासूं नये म्हणून मध्यें पातळ थर धरून ठेवणें, हें तें काम होय. परंतु याखेरीज आणखी चार कामें त्याच्याकडे असतात. पिस्टन आणि बेअरिंग यांची उष्णता तें बाहेर वाहून आणतें. पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरची भिंत यांमधील सूक्ष्म फट तें बुजवतें. जळणापासून निर्माण होणारीं आम्लें तें निष्प्रभ करतें. आणि डिझेल इंजिनाच्या बाबतींत सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, तें काजळी पोटांत घेतें.

रुडॉल्फ डीझेल याचें यशस्वी इंजिन १८९७ सालीं जर्मनींतील ऑग्सबर्ग येथें सिद्ध झालें. त्यांत ठिणगी नसते. हवा जोरानें दाबून तापविली जाते आणि तींत फवारलेलें जळण आपोआप पेट घेतें. या रीतींत जळणाच्या थेंबांना सर्वत्र सारखी हवा मिळत नाहीं, म्हणून काजळी होते, आणि तिचा कांहीं भाग रिंगांवरून खालीं तेलांत उतरतो. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कॅटरपिलरच्या डिझेल ट्रॅक्टरांमध्यें रिंगा चिकटून बसूं लागल्या, तेव्हां नुसतें शुद्ध तेल पुरत नाहीं हें तज्ज्ञांच्या ध्यानांत आलें. रिठ्याचें पाणी कपड्यावरील मळ सोडवून आपल्यांत तरंगत ठेवतें, तसें काम करणारीं द्रव्यें तेलांत मिसळण्याची पद्धति त्या काळापासून रूढ झाली. कॅलिफोर्नियांतील स्टँडर्ड ऑइल कंपनीनें अशा प्रकारचें ‘डेलो’ हें तेल १९३५ सालीं बाजारांत आणलें. आज प्रत्येक डिझेल-तेलांत तीं द्रव्यें असतात. म्हणून नवें तेल थोड्याच दिवसांत काळें झालें, तर तें निकृष्ट आहे असा तर्क करूं नये. काळें होणारें तेल आपलें काम करीत आहे. जें तेल डिझेल इंजिनांत पिवळेंच राहतें, त्याचीच शंका घ्यावी.

आतां डब्यावरील अंकांकडे वळावें. तेलाच्या दाटपणाची ही मोजणी अमेरिकेंतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें, म्हणजे एस.ए.ई. या संस्थेनें, १९११ सालीं सुरू केली, आणि पुढें तींत सुधारणा होत गेल्या. ‘१५डब्ल्यू-४०’ यांतील दुसरा आंकडा तापलेल्या तेलाचा आहे. १०० अंश सेल्सियसला ज्या तेलाचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या मर्यादेंत राहतो, त्याला ‘४०’ म्हणतात. पहिला आंकडा थंड तेलाचा आहे, आणि त्यापुढील ‘डब्ल्यू’ हें अक्षर हिवाळ्याचें द्योतक आहे. ‘१५डब्ल्यू’ तेलाची इंजिन फिरविण्याची कसोटी उणे २० अंशांवर घेतात, तर ‘५डब्ल्यू’ची उणे ३० अंशांवर. आंकडा जितका लहान, तितकें तें तेल कडाक्याच्या थंडींत अधिक सहज वाहतें.

यावरून एक मोठा गैरसमज दूर होतो. ‘सिंथेटिक तेल पातळ असतें, म्हणून जुन्या इंजिनाला तें सोसत नाहीं,’ असें सर्रास म्हटलें जातें. परंतु वरील दोन्ही डब्यांवर दुसरा आंकडा ४० हाच आहे. इंजिन तापून गाडी रस्त्याला लागल्यावर दोन्ही तेलें एकाच मर्यादेंत दाट असतात. फरक आहे तो पहाटे इंजिन चालू करतांनाचा. जें तेल तापल्यावर खरोखर पातळ असतें, तें डब्यावरील ‘३०’ या आंकड्यानें ओळखावें, ‘सिंथेटिक’ या शब्दानें नव्हे.

अंकांनंतर अक्षरें पाहावीं. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या संस्थेनें डिझेल-तेलांच्या गुणांची वर्गवारी ‘सी’ या अक्षरानें आरंभ होणाऱ्या खुणांनीं केली आहे. सीडी हा वर्ग १९५५ सालचा, सीएफ-४ हा १९९० चा, सीएच-४ हा १९९८ चा, सीआय-४ हा २००२ चा आणि सीके-४ हा २०१६ चा. वर्गाच्या शेवटचा ४ हा आंकडा चार धावांच्या इंजिनाचा निदर्शक आहे. सामान्यतः नंतरच्या वर्गाचें तेल आधीच्या वर्गाच्या जागीं चालतें; म्हणजे ज्या इंजिनाच्या पुस्तकांत सीएफ-४ सांगितलें आहे, त्यांत सीआय-४ किंवा सीके-४ घालण्यास हरकत नसते. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. २०१६ सालींच निघालेला एफए-४ हा वर्ग मुद्दाम पातळ ठेवलेल्या तेलांचा असून तो नव्या इंजिनांसाठीं आहे. जुन्या मालमोटारींत तें तेल घालूं नये. तसेंच इंजिन तयार करणाऱ्या कंपनीची स्वतंत्र सूचना असेल, तर ती या अक्षरांच्याहि वर मानावी. फोर्ड कंपनीनें सीके-४ तेलें निघाल्यावर आपल्या डिझेल इंजिनांसाठीं स्वतःचें निराळें मानक ठरविलें, कारण झीज रोखणाऱ्या फॉस्फरसयुक्त द्रव्याचें प्रमाण तेलांत पुरेसें असावें असा तिचा आग्रह होता.

या सर्व वर्गवारींत ‘सिंथेटिक’ हा शब्द कोठेंच येत नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. कसोटी तेलाच्या कामगिरीची आहे, कुळाची नव्हे. साधें खनिज तेल सीके-४ असूं शकतें, आणि महाग सिंथेटिक तेल त्याहून जुन्या वर्गाचें असूं शकतें.

मग सिंथेटिक म्हणजे नेमकें काय? जमिनींतून काढलेल्या तेलांत लहानमोठे, सरळ-वांकडे अनेक प्रकारचे रेणू असतात. त्यांतून नको ते गाळून टाकणें म्हणजे तांदूळ निवडण्यासारखें आहे. कितीहि निवडले तरी कणी आणि खडा थोडा राहतोच. त्यांत मेणहि असतें. पुण्याच्या थंडींत खोबरेल थिजतें, तसें हें मेण कडक थंडींत खनिज तेलाला थिजवितें. याच्या उलट, साध्या रासायनिक द्रव्यापासून एकाच जातीचे रेणू बांधून जें तेल तयार करतात, तें मूळ अर्थानें सिंथेटिक, म्हणजे संश्लेषित तेल होय. तेलाच्या मूळ द्रव्यांचे पांच गट मानतात. पहिले दोन शुद्ध केलेल्या खनिज तेलांचे. तिसरा, खनिज तेलावर हायड्रोजनच्या साह्यानें तीव्र प्रक्रिया करून त्याचे रेणूच पालटलेल्या तेलांचा. चौथा, संश्लेषित पॉलिअल्फाओलेफिन तेलांचा. आणि पांचवा, एस्टर वगैरे उरलेल्या सर्वांचा. तिसऱ्या गटाच्या तेलाला ‘सिंथेटिक’ म्हणावें कीं नाहीं, यावरून अमेरिकेंत मोबिल आणि कॅस्ट्रॉल या कंपन्यांमध्यें तंटा झाला. जाहिरातींचा न्यायनिवाडा करणाऱ्या तेथील मंडळानें १९९९ सालीं कॅस्ट्रॉलच्या बाजूनें मत दिलें. तेव्हांपासून तिसऱ्या गटाचीं तेलेंहि तेथें सिंथेटिक म्हणून विकलीं जातात. ‘सेमी-सिंथेटिक’ या नांवाखालीं कोणती मिसळ किती असावी, याचेंहि सर्वत्र एकच प्रमाण नाहीं. तात्पर्य, डब्यावरील या शब्दावरून आंतील द्रव्याची पूर्ण ओळख पटत नाहीं.

असें असलें तरी सिंथेटिक तेलाचे गुण खोटे नाहींत. त्यांत मेण जवळजवळ नसल्यामुळें तें थंडींत वाहतें. उष्णतेनें तें लवकर आंबत नाहीं, म्हणजे हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून चिकट होत नाहीं. तेल २५० अंशांवर एक तास तापवून किती उडून जातें, हें मोजण्याची नोआक नांवाची कसोटी आहे. तींत चांगलें सिंथेटिक तेल सहसा कमी उडतें. याचा अर्थ असा कीं कडक थंडी, फार तापणारा टर्बो आणि तेल दीर्घकाळ न बदलतां चालविण्याची गरज, या तीन प्रसंगीं त्याची जादा किंमत वसूल होऊं शकते.

पहिल्या प्रसंगाचें उत्तम उदाहरण भारताबाहेर सांपडतें. फोर्ड कंपनीच्या मालवाहू गाड्यांत १९९४ ते २००३ या काळांत ७.३ लिटरचें एक प्रसिद्ध डिझेल इंजिन बसविलें जाई, आणि तशा जुन्या गाड्या अमेरिकेंत व कॅनडांत अद्याप पुष्कळ चालतात. या इंजिनांत डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरला बळ देण्याचें कामहि इंजिन-तेलच करतें. एक पंप तें तेल दर चौरस इंचास सुमारें ३,००० पौंडांपर्यंतच्या दाबानें इंजेक्टरकडे पाठवितो, आणि तेथें तो दाब सुमारें सातपट होऊन जळणाची फवारणी होते. तेल थंडीनें घट्ट झालें, तर हा दाबच वेळेवर निर्माण होत नाहीं आणि इंजिन सुरू होत नाहीं. कॅनडाच्या मैदानांत हिवाळ्याच्या पहाटे उणे ३० अंश थंडी पडते. तेथें अशा गाडीच्या मालकानें ५डब्ल्यू-४० सिंथेटिक तेल घेतलें, तर त्यांत चैन नाहीं. तें नसल्यास त्याची गाडी अंगणांतून हलणार नाहीं.

भारतांत अशी थंडी लडाखकडे पडते. लेह व द्रास येथें हिवाळ्यांत पारा उणे २० अंशांपर्यंत आणि क्वचित् त्याहूनहि खालीं उतरतो. तेथें डिझेलहि गोठतें. म्हणून इंडियन ऑइल कंपनीनें २०१९ सालीं लडाखसाठीं उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारें निराळें डिझेल काढलें. त्या रस्त्यावर हिवाळ्यांत राहणाऱ्या गाडीला सिंथेटिक तेल उपयोगीच पडेल.

आतां हेंच गणित महाराष्ट्राला लावून पाहावें. नाशिक, निफाड, महाबळेश्वर या भागांत थंडीच्या लाटेंत पारा शून्याच्या जवळ आला, तर त्याची बातमी होते. ‘१५डब्ल्यू’ तेलाची कसोटी उणे २० अंशांवर होते, हें वर सांगितलेंच आहे. म्हणजे पहाटे मंडई गांठणाऱ्या ४०७ गाडीला थंडीपासून वांचविण्यासाठीं सिंथेटिकची गरज नाहीं. उन्हाळ्याचें काय? चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांवर चढतो हें खरें. पण इंजिनाचें तापमान बाहेरच्या हवेवर सोडून दिलेलें नसतें. रेडिएटर, पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट तें ठराविक मर्यादेंत ठेवतात. ती व्यवस्था धड असेल तर चांगलें खनिज तेल विदर्भाचा उन्हाळा सहन करतें. ती बिघडलेली असेल तर महाग तेल घालून इंजिन वांचत नाहीं. रेडिएटर साफ करावा लागतो.

टर्बो असलेल्या गाडीची गोष्ट थोडी निराळी आहे. धुराच्या झोतानें फिरणारें हें चक्र अतिशय तापतें आणि त्याच्या बेअरिंगला इंजिनाचेंच तेल मिळतें. घाट चढून आल्याबरोबर इंजिन बंद केलें, तर तेथें अडकलेलें तेल जळून कोळसा होतो. अशा गाडीला सिंथेटिकचा खरा लाभ होऊं शकतो. परंतु त्यापूर्वीं चालकानें चढावरून आल्यावर एक-दोन मिनिटें इंजिन मंद चालू ठेवण्याची संवय लावून घ्यावी. तिला कांहीं खर्च येत नाहीं.

राहिला तिसरा प्रसंग, म्हणजे तेल अधिक काळ चालविण्याचा. दुकानदार बहुधा याच मुद्द्यावर भर देतो. किंमत दुप्पट असली तरी तेल दुप्पट चालेल, मग तोटा कोठें, असा त्याचा युक्तिवाद असतो. नव्या, घट्ट इंजिनांत त्याला अर्थ आहे. जुन्या इंजिनांत तेलाचें आयुष्य कशानें संपतें, हें मात्र पाहिलें पाहिजे. झिजलेल्या रिंगांवरून काजळी अधिक उतरते आणि तेलाला दाट करते. गळक्या इंजेक्टरमधून न जळलेलें डिझेल उतरतें आणि तेलाला पातळ करतें. फाटक्या नळींतून किंवा भरलेल्या फिल्टरमधून धूळ शिरते आणि ती कानशीप्रमाणें लायनर घासते. या तिन्ही शत्रूंपैकीं एकालाहि मूळ तेल सिंथेटिक असल्यानें फारसा अटकाव होत नाहीं. तेल आंबण्याच्या फार आधीं तें मळतें. म्हणून सिंथेटिक घातलें तरी जुन्या इंजिनांत तें पुस्तकांत सांगितलेल्या मुदतींतच बदलावें लागतें, आणि दुप्पट चालण्याचा हिशेब फसतो.

तेल खाणाऱ्या इंजिनाचा हिशेब तर आणखीच सोपा आहे. समजा, एखाद्या इंजिनाच्या चेंबरमध्यें १० लिटर तेल मावतें आणि दर १,००० किलोमीटरला १ लिटर वरून घालावें लागतें. तेल १०,००० किलोमीटरला बदलावयाचें असेल, तर तोंपर्यंत आणखी ९ ते १० लिटर तेल धुरांतून निघून गेलें. म्हणजे एका बदलाच्या अवधींत मालकानें दोन बदलांचें तेल विकत घेतलें. हें तेल दुप्पट किंमतीचें असल्यास जाळलेला पैसाहि दुप्पट झाला. ज्या रकमेनें पुढें रिंगा व लायनर बदलतां आले असते, ती रक्कम निळा धूर होऊन रस्त्यावर गेली.

एका बाबतींत मात्र जुन्या गाडीची स्थिति पूर्वीपेक्षां सुधारली आहे, आणि ती तेलामुळें नव्हे, जळणामुळें. डिझेलमध्यें गंधक असला कीं तो जळून आम्ल होतें, आणि तें मारण्यासाठीं तेलांत क्षार पुरेसा लागतो. १९९० च्या दशकाच्या आरंभीं भारतांतील डिझेलमध्यें १ टक्क्यापर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत १०,००० भाग गंधक चालत असे. भारत स्टेज तीनच्या डिझेलमध्यें ही मर्यादा ३५० भागांवर आली, १ एप्रिल २०१७ पासून सर्व देशांत ५० वर, आणि १ एप्रिल २०२० पासून १० वर. जुनी गाडीहि आज पंपावर हेंच स्वच्छ डिझेल घेते. म्हणून ‘गंधकाच्या आम्लापासून रक्षण’ एवढ्या एका कारणासाठीं विशेष महाग तेल घेण्याचें प्रयोजन आतां उरलेलें नाहीं. काजळी मात्र इंजिनाच्या रचनेची व झिजेची असल्यामुळें ती डिझेल सुधारल्यानें नाहींशी झालेली नाहीं.

मिस्त्रीच्या आक्षेपाचाहि विचार झाला पाहिजे. सिंथेटिकनें जुनें इंजिन गळूं लागतें, हें कितपत खरें? आरंभींच्या कांहीं संश्लेषित तेलांनीं रबरी ऑइल-सील आकसत असे, ही गोष्ट खरी आहे. आजच्या तेलांत सील योग्य प्रमाणांत फुगलेलें राहील अशीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. परंतु वीस वर्षांचें सील आधींच कडक झालेलें असतें, आणि त्याच्या भेगा कित्येकदां साठलेल्या गाळानेंच बुजलेल्या असतात. नवें, अधिक स्वच्छ करणारें तेल तो गाळ सोडवितें आणि झांकलेली गळती उघडी पडते. म्हणून दोष सीलचा असला तरी खर्च मालकाचाच होतो, आणि मिस्त्रीचा सावधपणा अगदींच अनाठायीं नाहीं. याच कारणामुळें जुन्या इंजिनांत प्रथमच सिंथेटिक घालावयाचें असल्यास पहिली बदली लवकर करावी आणि फिल्टरहि त्याच वेळीं बदलावा. नाहींतर सुटलेला गाळ फिल्टर तुंबवितो. दोन प्रकारचीं तेलें एकत्र आलीं तर नासतात, ही भीति मात्र निराधार आहे. वाटेंत तेल कमी पडलें आणि दुसऱ्या प्रकारचें लिटरभर घालावें लागलें, तर तें खुशाल घालावें. कोरड्या बेअरिंगपेक्षां मिसळ केव्हांहि बरी.

यावरून निवडीचा क्रम आपोआप ठरतो. आधीं इंजिन तपासावें, मग तेल निवडावें. या तपासणीचा बराचसा भाग घरच्या घरीं होतो. एक लहान वही गाडींत ठेवावी, आणि तेल केव्हां व किती घातलें, तें किलोमीटरच्या आंकड्यासह लिहावें. दोन महिन्यांत इंजिनाचा खरा आहार कळतो. धूर पाहावा: निळा असेल तर तेल जळतें आहे, काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी पडते आहे, इंजिन तापल्यावरहि पांढरा येत राहिला तर डिझेल न जळतां जातें आहे किंवा रेडिएटरचें पाणी सिलिंडरांत शिरतें आहे. डिपस्टिकवरील पातळी न घालतां वाढूं लागली, तर तेलांत डिझेल उतरत असल्याची शंका घ्यावी. तेल दुधाळ दिसलें तर पाणी मिसळलें आहे, आणि अशा वेळीं गाडी चालवूंच नये.

आणखी एक सोपी परीक्षा आहे. गरम इंजिनांतील तेलाचा एक थेंब टिपकागदावर टाकून कागद कांहीं तास आडवा ठेवावा. काळा रंग मधून बाहेरच्या बाजूस हळूहळू फिकट होत पसरला, तर तेल अजून काजळी तरंगत ठेवीत आहे. मध्यें काळाकुट्ट, रेखीव कडेचा ठिपका आणि भोंवतीं जवळजवळ स्वच्छ तेलाचें कडें दिसलें, तर तेलाची ती शक्ति संपली असें समजून तें त्वरित बदलावें. याहून सूक्ष्म परीक्षा प्रयोगशाळेंत होते. तींत तेलांतील लोहाच्या प्रमाणावरून झीज आणि सिलिकॉनच्या प्रमाणावरून धूळ ओळखतां येते.

तपासणींत इंजिन निरोगी ठरलें, टर्बो नसला आणि गाडी महाराष्ट्राच्या हवेंतच फिरत असली, तर विश्वासू कंपनीचें १५डब्ल्यू-४० खनिज तेल, सीआय-४ किंवा सीके-४ वर्गाचें, वेळच्या वेळीं बदललें म्हणजे पुरे. इंजिन निरोगी असून टर्बो आहे, घाटांतून जड ओझें आणि लांबचे पल्ले रोजचेच आहेत, तर सिंथेटिकचा विचार करावा. पण तेंहि ‘४०’ दाटपणाचेंच घ्यावें. इंजिन तेल खात असेल, तर सिंथेटिकचा विचार सोडून द्यावा आणि वांचलेला पैसा दुरुस्तीसाठीं बाजूस टाकावा. अशा इंजिनांत कांहीं जण २०डब्ल्यू-५० सारखें दाट तेल घालतात. त्यानें तेलाचा दाब कांहीं काळ बरा दिसतो आणि खर्चहि थोडा कमी होतो. पण रोग झांकला जातो, बरा होत नाहीं. गाडीच्या पुस्तकांतील हवामानाच्या कोष्टकांत तें तेल मान्य असेल, तरच तें तात्पुरतें वापरावें.

दोन डब्यांच्या किंमतींत जो फरक आहे, त्यावर पहिला हक्क हवेच्या फिल्टरचा आहे. धुळीच्या वाटेवर चालणाऱ्या गाडीचा हवा-फिल्टर, त्याच्या नळ्या व पट्टे वेळेवर बदलले, तर इंजिनाचें आयुष्य कोणत्याहि तेलापेक्षां अधिक वाढतें. दुसरा हक्क तेलाच्या फिल्टरचा. खरेदी करतांना सीलबंद डबा, छापील वर्ग, उत्पादनाची तारीख आणि पावती या चार गोष्टी पाहाव्या, कारण नामांकित डब्यांत भलतेंच तेल भरून विकण्याचे प्रकार घडतात. रिकामा डबा भोंक पाडून मगच टाकावा. काढलेलें जुनें तेल गटारांत किंवा मातींत न ओततां, वापरलेलें तेल घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावें. तें पाण्यांत उतरलें तर विहीर नासतें, आणि त्यांतील धातू विषारी असतात.

घरीं स्वतःची नवी डिझेल मोटार असणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं वरील सल्ला त्यांच्या गाडीस जसाच्या तसा लागू नाहीं. भारत स्टेज सहाच्या गाड्यांत धुरांतील काजळी अडविणारी जाळी असते. तेलांतील क्षारांची राख तींत साठत जाते, म्हणून त्या गाड्यांना कंपनीनें सांगितलेलें कमी राखेचेंच तेल लागतें, आणि तें बहुधा सिंथेटिक असतें. तेथें काटकसर करूं गेल्यास जाळीचा खर्च अंगावर येतो.

कोणतीहि गाडी असो, विचारण्याचे प्रश्न तेच आणि त्याच क्रमानें आहेत: इंजिनाचें पुस्तक कोणता दाटपणा व कोणता वर्ग सांगतें, गाडी कोणत्या हवेंत व किती ओझ्याखालीं चालते, इंजिन सध्यां किती तेल खातें. या तिन्हींचीं उत्तरें वहींत लिहून मग दुकानीं गेलें, तर बहुतेक वेळां दोन डब्यांपैकीं कोणता उचलावा हें दुकानदाराला विचारावें लागत नाहीं.